सोर्सवरून कंपाइल करू की सरळ एपीटीने टाकू?

प्रश्न असा आलाय. नाशिकच्या सातपूरला एका छोट्या ऑफिसात काम करणाऱ्या पोराला व्यापाऱ्यांच्या जुन्या छापील मराठी पावत्या स्कॅन करून त्यातला मजकूर काढायचाय. सर्व्हरवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स आहे, एपीटीने, म्हणजे उबुंटूची तयार पॅकेजेस उतरवून बसवणाऱ्या कमांडने, टेसरॅक्ट हा चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्रॅम टाकला तर ४.१.१ येतं आणि त्याला पाहिजे ५. त्याचे सिनियर म्हणतात सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, घे आणि कंपाइल कर, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम स्वतः बांध, आपल्या मशीनवर कंपाइल केलेलं फास्ट पळतं आणि सेफ पण असतं. रूममेट म्हणतो एपीटीच्या बाहेर पाय टाकलास की मेलास. तर दादा, कोणाचं ऐकू?

मित्रा, थोडं याचं ऐक, थोडं त्याचं, पण दोघं भांडतायत ते भलत्याच मुद्द्यावर. कंपाइल करणं अवघड नसतंच. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, तीन कमांड, मधे एक चहा. अवघड असतं ते त्याच्या पुढची पाच वर्षं. एपीटीने टाकलेल्या पॅकेजमागे कोणीतरी मेंटेनर बसलेला असतो, भोक सापडलं की तो बुजवतो, तू रात्री झोपलेला असताना अपडेट येऊन पडतं. तू स्वतः कंपाइल केलंस की त्या खुर्चीवर तू बसलास. कोणी तुला सांगत नाही की तू बसलास, हाच सगळा घोटाळा आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण पुस्तकातून नाही कळलं. २०१३ मध्ये मी अंबडच्या एका कारखान्याच्या सर्व्हरवर एन्जिनएक्स (वेब सर्व्हरचा प्रोग्रॅम) स्वतः कंपाइल करून टाकलं होतं. कारणही बरोबर होतं, त्यांना एक जास्तीचं मॉड्यूल पाहिजे होतं आणि तेव्हा एन्जिनएक्सला नंतरून मॉड्यूल जोडायची सोय नव्हती, ती २०१६ ला १.९.११ मध्ये आली, त्यामुळे मॉड्यूल पाहिजे तर अख्खं परत बांधा. आणि बांधताना मी हुशारी केली की ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचा सोर्सही शेजारी ठेवून तो आतच जोडून घेतला. काम झालं, पैसे मिळाले, डिस्क भरत आली होती म्हणून सोर्सचं फोल्डर उडवलं, विसरलो.

पुढच्या वर्षी ७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड बाहेर आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओपनएसएसएलच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये असं भोक होतं की बाहेरचा माणूस सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे मागून घेऊ शकायचा, त्यात पासवर्ड, प्रायव्हेट की, काहीही निघायचं. मी रात्रीत सगळ्या क्लायंटच्या मशीनवर एपीटी अपग्रेड मारलं, सर्व्हिस रीस्टार्ट केल्या, टेस्ट केली, सगळं हिरवं, एक अंबडचं मशीन लाल. परत अपग्रेड, परत रीस्टार्ट, परत लाल. शेवटी मशीनच रीबूट केलं, तरी लाल. ओपनएसएसएलचं व्हर्जन विचारलं तर सिस्टीम सांगते दुरुस्त केलेलं आहे. तासभर डोकं खाजवल्यावर एन्जिनएक्सला कॅपिटल व्ही देऊन विचारलं की बाबा तुला बांधलं कसं, तर कॉन्फिगरच्या ओळीत माझीच करामत दिसली, ओपनएसएसएल १.०.१ई चा रस्ता दिलेला. म्हणजे सिस्टीमचं ओपनएसएसएल सुधारलं होतं, पण एन्जिनएक्सच्या पोटात जुनंच बसलेलं होतं आणि एपीटीला त्याचा पत्ताच नव्हता. आणि परत बांधायचं तर सोर्सचं फोल्डर गायब, कुठलं मॉड्यूल, कुठली व्हर्जन, काही लिहून ठेवलेलं नाही. ती रात्र मी विसरत नाही.

यातला अजून एक गमतीचा भाग म्हणजे डेबियनने, म्हणजे उबुंटू ज्याच्यावर बेतलंय त्या लिनक्सने, त्या वेळी जे दुरुस्त पॅकेज दिलं त्याचं नावही १.०.१ई च होतं, फक्त मागे शेपूट लागलं, डेब७यू५. डिस्ट्रोवाले, म्हणजे डेबियन-उबुंटूसारखं तयार लिनक्स देणारे, नवं व्हर्जन आणत नाहीत, जुन्यातच दुरुस्ती लावतात, म्हणजे बाकी काही मोडत नाही. आता कुणी ऑडिटवाला स्कॅनर चालवून म्हणतो की तुमचं व्हर्जन जुनं आहे, धोकादायक आहे, ताबडतोब नवीन सोर्सवरून टाका, तेव्हा आधी ते शेपूट बघायचं. अर्धे लोक याच कागदाला घाबरून कंपाइल करत बसतात आणि चांगल्या सांभाळलेल्या पॅकेजच्या जागी एक बेवारस बायनरी आणून ठेवतात.

आता तुझ्या सिनियरांचा पहिला मुद्दा, फास्ट. ही समजूत कुठून आली ते मला माहितीय, कारण मीही त्याच पंथातला होतो. कॉलेज संपल्यावर मी जेंटू नावाचं लिनक्स वापरायचो, त्यात सगळं सोर्सवरूनच बांधावं लागायचं. केडीई, म्हणजे अख्खा डेस्कटॉप, रात्री लावून झोपायचं आणि तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना, पहाटे लाइट जायची, इन्व्हर्टर अर्ध्या तासात मान टाकायचा आणि सकाळी उठून बघावं तर कंपाइल मधेच मेलेलं. आई विचारायची रात्रभर तो डबा कशाला घरघरत असतो. मी सांगायचो कॉम्प्युटर फास्ट होतोय. फास्ट काय डोंबलाचा होतोय, त्याच्यावर मी गाणीच ऐकायचो. आणि त्याच जेंटूने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की आता तयार बायनरी पॅकेजेसही मोठ्या प्रमाणात देणार. म्हणजे पंथाच्या मठातच प्रसाद पाकिटात मिळायला लागला.

मुद्द्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. डिस्ट्रोचं पॅकेज जुन्यातल्या जुन्या चौसष्ट बिटी प्रोसेसरवर पण चाललं पाहिजे म्हणून सावधपणे बांधतात, आणि तू मार्च नेटिव्ह हा कंपायलरचा पर्याय देऊन बांधलंस तर तुझ्या प्रोसेसरच्या खास सूचना वापरल्या जातात. पण जिथे खरंच वेगाचा प्रश्न असतो तिथले प्रोग्रॅम लिहिणारे काही खुळे नसतात. टेसरॅक्टच घे, तो चालू होताना प्रोसेसर बघतो आणि एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एसएसई अशा खास सूचनांतलं जे असेल ते स्वतःहून वापरतो, एपीटीने टाकलेला असला तरी. खोटं वाटत असेल तर टेसरॅक्टला व्हर्जन विचार, खाली ओळी येतात, फाउंड एव्हीएक्स२, फाउंड एव्हीएक्स वगैरे. सिनियरांना दाखव. जीलिबसी, म्हणजे जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी, ती सुद्धा आत असंच करते. मग राहिलेलं जे एक-दोन टक्के आहे त्याच्यासाठी तू मेंटेनर होणार का?

उलट मार्च नेटिव्हचा तोटा मी बघितलाय. एका ठिकाणी नवं मशीन बिघडलं, कपाटातलं जुनं काढून त्याला तीच डिस्क लावली, सगळं चालू झालं फक्त आमचा हाताने बांधलेला प्रोग्रॅम उघडला की एकच ओळ, इल्लीगल इन्स्ट्रक्शन, आणि बंद. जुन्या प्रोसेसरला त्या सूचना कळतच नव्हत्या. शिफ्ट खोळंबलेली, सुपरवायझर मागे उभा.

तुला वेग पाहिजे ना, तर कंपाइल न करता मिळेल. एकाच वेळी चार-सहा पावत्यांवर टेसरॅक्ट चालवणार असशील तर ओएमपी थ्रेड लिमिट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेव. नाहीतर प्रत्येक टेसरॅक्ट आपले आपले चार धागे काढतो आणि सगळे मिळून द्वारका सर्कलसारखं होतं, हॉर्न सगळे वाजवतात, पुढे कोणीच सरकत नाही.

दुसरा मुद्दा, सेफ. सोर्स उघडा असतो म्हणून आपण बांधलेलं सुरक्षित, असं म्हणतात. तू टेसरॅक्टचा सोर्स वाचणारेस का? मी पण नाही वाचलाय. आणि मार्च २०२४ मध्ये काय झालं ते बघ. एक्सझेड नावाची साधी कॉम्प्रेशनची लायब्ररी, सगळीकडे असते, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून, प्रोजेक्टमध्ये जागा मिळवून मागचं दार बसवलं. ते दार गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सार्वजनिक वहीत, दिसणाऱ्या कोडमध्ये धड नव्हतंच. टेस्टच्या फायलींमध्ये माल लपवलेला आणि तो चालू करणारी ओळ फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे उतरवायच्या सोर्सच्या गाठोड्यात, बिल्ड स्क्रिप्टमध्ये. म्हणजे जो माणूस वेबसाइटवरून टारबॉल उतरवून मी बघा कसा सोर्सवरून बांधतो म्हणणार, त्याच्या हातात तीच फाइल. ती स्क्रिप्ट इतकी बेरकी होती की बिल्ड डेब किंवा आरपीएम या डिस्ट्रोच्या पॅकेजचं चाललंय का हे बघायची आणि असेल तरच जागी व्हायची, त्यामुळे हाताने बांधणारे बहुतेक सुटले असते, पण ते त्यांचं नशीब, सावधपणा नाही. पकडलं कोणी, तर आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने, का तर एसएसएचने दूरच्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि वाल्ग्रिंड हे मेमरीतल्या चुका शोधणारं टूल विचित्र एरर देत होतं. अर्धा सेकंद! आपण मोबाइल हँग झाला तर नेटवर्कला शिव्या देतो आणि मोकळे होतो. आणि तोपर्यंत तो माल डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत आणि फेडोराच्या यायच्या व्हर्जनपर्यंत पोचला होता, स्टेबलमध्ये, म्हणजे पक्क्या व्हर्जनमध्ये, नाही. जे एपीटीने मुकाट स्टेबल वापरत होते त्यांनी बातमी वाचली, चहा प्यायले, कामाला लागले.

पण रूममेटनेही फार उड्या मारू नये. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये वाल्ग्रिंडच्या वॉर्निंग घालवायला म्हणून ओळी काढल्या गेल्या आणि त्यात रँडमपणाच निघून गेला, उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे एन्क्रिप्शनच्या चाव्या बनायच्या तर ३२,७६८ च्या आतल्याच. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, मे २००८ मध्ये बाहेर आलं आणि जगभर एसएसएचच्या की बदलत बसावं लागलं. मूळ सोर्सवरून बांधणाऱ्यांना यातलं काही झालं नव्हतं. एकदा वाल्ग्रिंडला गप्प करायला गेले आणि भोक पडलं, अठरा वर्षांनी वाल्ग्रिंडचं ऐकलं आणि भोक सापडलं. मेंटेनर पण माणूसच. फक्त त्याची चूक लाखो मशीनवर असते म्हणून कधीतरी कोणीतरी पकडतं, आणि माझ्या अंबडच्या सर्व्हरवरची चूक पकडायला जगात मी एकटाच होतो.

अजून एक खरी गोष्ट जी एपीटीवाले सांगत नाहीत. उबुंटूत सगळी पॅकेजेस सारख्या काळजीने सांभाळलेली नसतात. मेन नावाच्या भागातली उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल स्वतः बघते, युनिव्हर्समधली कम्युनिटीच्या भरवशावर, त्यांच्या सिक्युरिटी अपडेटची हमी पाहिजे तर उबुंटू प्रो लावावं लागतं. टेसरॅक्ट युनिव्हर्समध्ये आहे.

बरं, आता तुझ्या पावत्या.

सगळ्यात आधी, ५ कशाला पाहिजे हे स्वतःला विचार. अक्षरं ओळखणारं नवं न्यूरल इंजिन टेसरॅक्टमध्ये ४ लाच आलं, ५ मध्ये ते जास्त हलकं आणि वेगवान केलंय, पण मराठी एकदम शुद्ध वाचायला लागेल असं काही नाही. तुझी खरी अडचण बहुतेक डेटा फायलीत आहे. एपीटीने मराठीचं पॅकेज टाकलं की जी एमएआर ट्रेनडेटा फाइल येते ती फास्ट जातीची असते, छोटी, चटपटीत. बेस्ट जातीची वेगळी मिळते, ती हळू चालते पण जोडाक्षरं आणि रफार जास्त बरे वाचते, आणि ती ४.१.१ वर पण चालते. नुसती फाइल उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि टेसडेटा-डिर देऊन तिथलं वापर. काही बांधायला नको. स्कॅन ३०० डीपीआय पाहिजे, व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो नाही. पावतीत इंग्रजी आकडे आणि नावं पण असतात म्हणून भाषा एमएआर अधिक ईएनजी दे. आणि पीएसएम ६ लावून बघ, त्यात तो सगळ्या कागदाला मजकुराचा एकच ठोकळा समजतो, आडव्या रेघांच्या पावत्यांना पुष्कळदा ते बरं पडतं. दहा पावत्या घे, जुन्या डेटावर काय आलं, बेस्टवर काय आलं, शेजारी शेजारी ठेवून बघ. मला वाटतं इथेच तुझं निम्मं दुखणं जाईल आणि सिनियर-रूममेट भांडण फुकट.

तरी ५ च पाहिजे असेल तर उबुंटू २४.०४ च्या रिपॉझिटरीत ५.३.४ तयार आहे. मशीन अपग्रेड करता येत असेल तर करून टाक. येत नसेल, आणि ऑफिसच्या चालू सर्व्हरवर बहुतेक येत नाहीच, तर डॉकर घे, म्हणजे मशीनच्या आत वेगळा डबा, आत २४.०४ ची इमेज, त्यात एपीटीने टेसरॅक्ट आणि मराठीचं पॅकेज, पावत्यांचं फोल्डर बाहेरून जोड, झालं. बाहेरचं २२.०४ जसंच्या तसं राहतं.

एक मात्र करू नको, २४.०४ ची डेब फाइल उचलून २२.०४ वर दाबून बसवू नको. ती बांधली आहे जीलिबसी २.३९ वर आणि तुझ्याकडे आहे २.३५. डीपीकेजी (पॅकेज बसवणारं टूल) नाही म्हणेल, मग तू फोर्स लावशील, मग जीलिबसीच वरची आणायला जाशील आणि मग एलएस ही साधी कमांड पण चालणार नाही. हे मी लोकांना करताना पाहिलंय, भर दुपारी, प्रॉडक्शनवर.

आपल्याकडे द्राक्षबाग लावतात तेव्हा आधी डॉगरिजचा खुंट लावतात ना. तो रुजला की त्यावर थॉमसनचं नाहीतर आणखी कशाचं कलम भरतात. खारं पाणी, पाण्याची ओढ, ते खुंट सोसतो, वर फळ तुला पाहिजे ते. जात पटली नाही तर वरचं कापून दुसरं भरता येतं पण खुंटाला कोणी कोयता लावत नाही. सर्व्हरचं पण तेच. जीलिबसी, ओपनएसएसएल, सिस्टीमचा पायथॉन, सिस्टीमडी हा खुंट, तो एपीटीचा. त्याच्यावर तुला पाहिजे ते कलम भर. मी शेतकऱ्याचा मुलगा, निफाडकडचा, त्यामुळे मला हे असंच सुचतं.

आणि कलम भरायचंच असेल, म्हणजे कंपाइल करायचंच ठरलं असेल, तर असं कर. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना तू इंग्रजीत करशीलच.)

लेप्टोनिका ही चित्रं वाचणारी लायब्ररी टेसरॅक्टला लागते. ती पण बांधायला जाऊ नको, एपीटीतून तिचं डेव्ह पॅकेज (कंपाइल करायला लागणाऱ्या फायलींचं) घे, २२.०४ मध्ये १.८२ आहे, टेसरॅक्ट ५ ला ती चालते. हे मी मुद्दाम सांगतोय कारण लोक जोशात लेप्टोनिका पण सोर्सवरून बांधतात आणि मग जी फजिती होते ती कंपाइलमधली सगळ्यात कपटी फजिती आहे. समजा मशीनवर पीएनजीचं डेव्ह पॅकेज नाही. कॉन्फिगर थांबत नाही, रडत नाही, शंभर ओळींच्या गर्दीत एक ओळ येते, पीएनजी शोधतोय, नो, आणि पुढे जातो. मेक यशस्वी. मेक इन्स्टॉल यशस्वी. तू पेढे वाटतोस. दोन दिवसांनी पहिली पीएनजी फाइल दिली की एरर, पिक्स-रीड-स्ट्रीम-पीएनजी, फंक्शन नॉट प्रेझेंट. अरे नॉट प्रेझेंट म्हणजे काय, तर तू ते फंक्शन बांधलंच नाहीस. पायथॉन हाताने बांधणाऱ्यांना हीच गोष्ट सीटाइप्स नाही, एसएसएल नाही, एसक्यूलाइट नाही या रूपात भेटते, सगळं बांधून झाल्यावर. म्हणून कॉन्फिगर संपलं की लगेच मेक मारायचं नाही. त्याचा शेवटचा गोषवारा वाचायचा, कॉन्फिग डॉट लॉग उघडून पाहिजे त्या गोष्टींपुढे येस आहे का बघायचं. सोपी युक्ती म्हणजे डेब-एसआरसीची ओळ चालू करून एपीटी बिल्ड-डेप टेसरॅक्ट मारायचं, डिस्ट्रोचा मेंटेनर बांधताना जी डेव्ह पॅकेजेस वापरतो ती सगळी आपोआप येतात. म्हणजे कंपाइल करताना पण मेंटेनरचीच वही बघायची.

कॉन्फिगरला प्रीफिक्स, म्हणजे कुठे बसवायचं तो रस्ता, द्यायचा, ऑप्टखाली टेसरॅक्ट-५ असा वेगळा फोल्डर. काहीच नाही दिलं तर सगळं यूएसआर-लोकलमध्ये जाऊन पडतं, इतर शंभर गोष्टींत मिसळतं, आणि सहा महिन्यांनी काढायचं म्हटलं तर कुठली फाइल कोणाची ते ब्रह्मदेवाला माहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये असलं की काढायचं म्हणजे फोल्डर उडवायचा. तो फोल्डर एलडी कॉन्फिगला सांग, नाहीतर शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणून ओरडेल. मराठीची ट्रेनडेटा फाइल आपोआप येत नाही, ती ऑप्टमधल्या शेअर-टेसडेटात स्वतः ठेवायची, एपीटीवाली कुठल्या फोल्डरात असते ते या नव्याला माहीत नसतं. छोट्या एक जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) बांधणार असशील तर मेक जे-४, म्हणजे एकदम चार कामं, मारू नको, मेमरी संपते, कर्नल सीसी१प्लस ला, म्हणजे कंपायलरलाच, मारून टाकतो आणि तुला फक्त किल्ड एवढंच दिसतं. जे-१ आणि थोडं स्वॅप. किंवा त्याच उबुंटूच्या दुसऱ्या दांडग्या मशीनवर बांधून इकडे आण.

मी स्वतः आता मेक इन्स्टॉल जवळजवळ करतच नाही, डेब बनवतो. नव्या उबुंटूचा सोर्स पॅकेज उतरवायचा, चेंजलॉगमध्ये आपली एक नोंद टाकायची आणि डीपीकेजी-बिल्डपॅकेज. कधी एखाद्या डिपेंडन्सीवर अडतं, तेवढं सोडवावं लागतं, पण हातात खरं पॅकेज येतं, एपीटीला ते दिसतं, काढता येतं, दहा मशीनवर टाकता येतं. व्हर्जनच्या मागे मी टिल्ड लावून नाशिक१ लिहितो. डेबियनच्या मोजणीत टिल्ड म्हणजे रिकाम्यापेक्षाही खालचं, त्यामुळे उद्या मशीन २४.०४ वर गेलं की अधिकृत पॅकेज माझ्यापेक्षा वरचं ठरतं आणि माझं आपोआप बाजूला होतं. बॅकपोर्टवाले हेच करतात. अधिकचं चिन्ह लावशील तर उलटं, तुझं वर बसतं. बाकी कोणी बघत नाही पण डीपीकेजीच्या यादीत नाशिक१ दिसलं की मला बरं वाटतं.

क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्याचं, विशेष लक्षात ठेव, कारण तू हे रात्री चालवणार. टर्मिनलमध्ये तू पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, ऑप्ट पुढे टाकशील, हाताने चालवशील, ५ चालेल, निकाल छान. क्रॉनचा पाथ मात्र यूएसआर-बिन आणि बिन एवढाच असतो. तिथे एपीटीचं जुनं ४.१.१ बसलेलंच आहे. म्हणजे दिवसा ५ आणि रात्री ४, एरर काहीच नाही, फक्त सकाळी निकाल वेगळे. पिंपळगावच्या एका पोराने यात चार दिवस घालवले, त्याला वाटत होतं रात्री स्कॅनरच्या काचेवर दव पडतं. स्क्रिप्टमध्ये पूर्ण रस्ता लिही आणि पहिल्याच ओळीत टेसरॅक्टचं व्हर्जन लॉगमध्ये टाकत जा.

कंपाइल कधी करायचंच, असं विचारशील तर कारणं आहेत. एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये एफडीके-एएसी हा ऑडिओ एन्कोडर पाहिजे असेल तर जीपीएलशी त्याचं लायसन्स जुळत नाही, तशी बायनरी बनवून कोणी वाटू शकत नाही, त्यामुळे डिस्ट्रो देणार नाही, स्वतःपुरतं बांध. एखादा बग तुलाच छळतोय आणि दुरुस्ती अजून रिलीज झाली नाही, बांध. सीएनसीला जोडायचं असलं काही कार्ड की ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, बांध, पण डीकेएमएसने, म्हणजे कर्नल बदलला की तो परत आपोआप बांधला जातो. शिकायचं म्हणून तर जरूर बांध, घरच्या मशीनवर, शनिवारी रात्री. ऑफिसच्या सर्व्हरवर बांधलंस तर त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेव, सोर्स कुठून, व्हर्जन कुठलं, कॉन्फिगरची पूर्ण ओळ, तारीख, आणि का बांधलं. का बांधलं हे लिहीच. टारबॉल पण शेजारी ठेव. आणि त्या प्रोजेक्टच्या नव्या रिलीजच्या सूचना आपल्या मेलवर चालू कर, एपीटी आता तुला आठवण करणार नाहीये.

त्यातल्या काही पावत्या हाताने लिहिलेल्या निघाल्या तर ४ काय आणि ५ काय, टेसरॅक्टकडून ते होणार नाही, तेवढं सिनियरांना आधीच सांगून ठेव. छापील असतील तर बेस्टच्या डेटावर दहा पावत्या चालवून बघ आणि काय आलं ते पाठव. अडलास तर कॉन्फिगरच्या शेवटच्या वीसेक ओळी कॉपी करून टाक, मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको.